वर तोंड केलेली वीज

माझ्या सासूबद्दल आमच्या गावात लोक दोन गोष्टी सांगतात. एक, तिच्या हातचं गोंदण कधी पिकलं नाही. दुसरी, पोरगा लढाईवर गेला आणि तिचं डोकं फिरलं. पहिली खरी आहे. दुसरी सांगणाऱ्याच्या तोंडात शेण घाला. डोकं फिरलं असतं तर बरं झालं असतं, बाप्पा. तिचं डोकं शेवटच्या दिवसापर्यंत जाग्यावर होतं, आणि मी त्या घरात तिच्यासोबत सहा वर्षं काढली आहेत.

तिचं नाव सुमित्राबाई. जन्मली संवत छप्पनच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे सालच्या दुष्काळात, नवेगाव बांधाच्या अलीकडच्या गावात. तेव्हा आमचा जिल्हा भंडारा. लोक झाडपाला उकडून खात होते आणि त्यात ही झाली, म्हणून तिची माय तिला ‘दुष्काळातला तेरावा महिना’ म्हणायची. लग्न झालं चैतरामशी. मालगुजाराच्या तीन बांध्या करायला घेतलेल्या, त्यात धान. पोरगा चार वर्षांचा असताना एका आषाढात रोवणा, धानाची लावणी, चालू होता. पाऊस जोरात आला तशा बाया बांधीतच वाकून राहिल्या आणि चैतराम धुऱ्यावरच्या, शेताच्या कडेच्या, मोहाच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला. वीज मोहावर पडली. सासू वीस हातांवर होती. तिच्या हातात परह्यांची, धानाच्या रोपांची जुडी होती, ती तिनं तशीच धरून ठेवली होती म्हणे. लोकांनी बोटं उकलून काढली.

त्यानंतर बांध्या सुटल्या. माहेरी जाऊन भावजयीच्या ताटाखालचं मांजर होणं तिला जमणार नव्हतं, नाकावर माशी बसू देणारी बाई नव्हती ती. माघात कचारगडच्या जत्रेला गेली, तिथं छत्तीसगडची एक देवारीन बायांना गोंदत बसली होती. ही तिच्याजवळ जाऊन बसली ती तीन दिवस उठली नाही. पुढं दोन वर्षं त्या म्हातारीच्या मागे गावोगाव फिरली, आणि परत आली तेव्हा पदराला पाच सुयांची जुडी आणि डबीत तेलाच्या दिव्याची काजळी होती.

मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच महिन्यात तिनं माझा हात ओढला. मी मुर्रीची, गोंदियाच्या अगदी लागून. आमच्याकडच्या पोरी शहराचं वारं लागलेल्या. मी म्हटलं, मला नाही गोंदायचं, दुखते.

“दुखते तं दुखू दे,” सासू म्हणाली. “मरशीन तवा सोनं काढून घेतीन, चांदी काढून घेतीन, लुगडंही चांगलं असलं तं काढून घेतीन. संगं काय येते? हे येते. वर गेल्यावर आपली मानसं याच्यावरूनच वरखतात, वळख धरतात. बिना गोदन्याची गेलीस तं तुह्या मायले तू दिसनार नाई, तुले तुही माय दिसनार नाई. मंग फिर जलमभर.”

“मेल्यावर कुठला जलमभर?” मी म्हटलं.

तिनं सुई टोचली. मी ओरडले. तिला हसू आलं, आणि मी सांगते, ती हसली की चांगली दिसायची.

काय गोंदायचं याचे तिचे कायदे होते, आणि सरकारी कायद्यापेक्षा कडक. ज्याची कथा माहीत नाही ते गोंदायचं नाही. विंचू काऊन, मोर कशासाठी, सीतेची रसोई कोणाच्या हातावर आणि कोणाच्या नाही, हे सगळं विचारून घ्यायची. आणि जीव असलेली, चालणारी, धावणारी कुठलीही वस्तू काढली की तिचं तोंड वर, खांद्याकडे. बोटांकडे तोंड केलेली वस्तू अंगावरून उतरून निघून जाते आणि जाताना घरातलं काहीतरी घेऊन जाते, असं त्या देवारीनीनं तिला शिकवलं होतं. आमच्या गावात एकीही बाई अशी नाही की जिच्या हातावरचा मोर खाली पाहतो.

माझ्या नवऱ्याचं नाव सुकराम. घेतलं नाव. पहिल्यानं घेतलं तेव्हा काय झालं ते पुढं सांगते.

सुकरामला जनावरांची भारी हौस. जंगलखात्याच्या कामावर बैल हाकायचा. एक्केचाळीसच्या उन्हाळ्यात गोंदियाच्या बाजारात भरतीवाले बसले होते, त्यांनी याला विचारलं, खेचर सांभाळशील का? हा हो म्हणून अंगठा देऊन आला. मला सांगितलं नाही, मायला सांगितलं नाही. दोघींनी दोन दिवस जेवण सोडलं तर म्हणाला, “कायले रडून राहिल्या? मी बंदूक नाई चालवत, खेचर हाकतो.”

दिवाळीला दहा दिवसांची सुटी घेऊन आला. नगरच्या छावणीत होता. छोट्या लाईनच्या गाडीतून उतरून चालत आला, खाकी कपडे, पायात बूट, आणि खांद्याच्या खाली बाहीवर शिवलेला एक निळा तुकडा. त्या निळ्यावर पांढरी नागमोडी वीज, वरून खाली येणारी.

सासू पाण्याचा तांब्या घेऊन ओवाळायला पुढं झाली. तिनं तो तुकडा पाहिला आणि तांब्या खाली ठेवला.

“हे काय?”

“निशानी आहे, माय. आमच्या डिव्हिजनची. हजारो मानसं, मराठे, गुरखे, शीख, बलुच, साऱ्याइच्या बाहीवर हेच. पंजाबी माह्यासंगं बोलला तं मले समजत नाई, पन बाही पाह्यली की समजते आपला आहे.”

“वीज काऊन? दुसरं काई भेटलं नाई?”

“साहेब म्हनते, आपन विजेसारकं पडू. दुश्मनाले समजाच्या आंदी.”

“वीज पडते,” सासू म्हणाली, “मंग कुठं राहते? पडली की सरली. मागं झाड उभं राहते, जरेल.”

त्या धुऱ्यावर तो मोह अजून उभा होता. अर्धा काळा, अर्धा हिरवा. घरातून दिसायचा.

दिवाळीनंतरची मंडईची जत्रा झाली, रात्री दंडारीचं नाटक झालं, सुटीचे चार दिवस उरले. दुपारी सुकराम अंगणात मायपुढं बसला आणि डावा दंड उघडा करून म्हणाला, “हे काढून दे.” बाहीवरची वीज. सासूनं सुयांची जुडी पदरात घट्ट बांधली. “माह्या हातानं? तुह्या बापाले जिनं नेलं ते तुह्या आंगावर?”

त्यानं मग जे सांगितलं ते त्यानं सुटीभर पोटात धरून ठेवलं होतं. गळ्यात नंबराची टिकली देतात, पण ती दोऱ्यात असते. कपडा जळतो, सडतो. लढाईत माणूस मेला आणि ओळखला नाही तर घरी कळवत नाहीत. घरचे वाट पाहत बसतात. सोबतच्या बऱ्याच जणांनी निशाणी गोंदून घेतली होती, नगरच्या बाजारात. “मी म्हटलं, माही माय असताना बाजारात कायले? माह्या आंगावर असनं, तं कोनीतरी वाचनं आनं तुमाले चिठ्ठी येईन.”

या बोलण्यावर मी आत निघून गेले. मला राग आला होता, खरं सांगते. धान कापायला आलंय, नवी बायको कोपऱ्यात बसलीय, आणि हा आपल्या मढ्याची खूण पटवून ठेवतोय! पण सासूला ते बोलणं लागलं. आपल्या माणसांना ओळखू यावं म्हणून गोंदतात, हे तिचंच शिकवणं होतं. तिच्या तोंडचं तिला परत दिलं त्यानं.

ती म्हणाली, “कथा सांगतली, आयकली. काढीन. पन माह्या रीतीनं.”

मला बोलावलं. मी त्याचा दंड दोन्ही हातांनी धरला. उजेड चांगला होता, कार्तिकाचं ऊन. सासूनं दंडाच्या मागच्या अंगाला, जिथं माणसाला आपलं आपल्याला दिसत नाही तिथं, काडीनं आखणी केली आणि सुई मारायला सुरुवात केली. मी पाहत होते. बारीक टोक तिनं खांद्याकडे काढलं. रुंद बूड कोपराकडे. बाहीवरची वीज वरून खाली येत होती, ही खालून वर जात होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं डोळ्यांनीच मला गप्प केलं.

तो नदीवर गेला तेव्हा मी म्हटलं, “माय, उलटी झाली.”

“उलटी नाई. वरून खाली आली तेच मानूस खाते. खालून वर चालली ते कोनाले खाईन? आपल्या घरी वापस चालली थे. तोही वापस येईन.”

शेणाच्या पाण्यानं धुतलं, हळद-तेल लावलं. तिच्या हातच्या गोंदणाची खपली तिसऱ्या दिवशी पडते. सुकराम गाडीत बसेपर्यंत पडली नव्हती. दंड गरम होता. सासूनं स्टेशनावर तीनदा हात लावून पाहिला आणि तिसऱ्यांदा त्याची बाही खाली ओढून दिली. तो म्हणाला, “ठीक होईन, माय, कायले चिंता करून राहिली.” त्या बाईच्या हातचं एकच गोंदण चिघळलं, आणि ते हे. मी वर म्हटलं ना की कधी पिकलं नाही? लोकांना जेवढं माहीत आहे तेवढं म्हटलं.

पौषात एक कार्ड आलं की आता जहाजात बसणार. मग काही नाही. पाऊस लागला तेव्हा सरकारी कागद आला. आमच्या गावचे यादोराव पाटील, कागद वाचणारा तो एकच माणूस. त्यांनी चष्मा लावून, काढून, पुन्हा लावून वाचला. सुकराम वल्द चैतराम, ब्रह्मदेशात, बेपत्ता.

“बेपत्ता म्हनजे?” सासूनं विचारलं.

“म्हणजे मेला असं नाही,” पाटील म्हणाले. “जिवंत आहे असंही नाही.”

आता माझं ऐका. ज्या बाईचा नवरा मेला तिला लोक रडू देतात. ज्या बाईचा नवरा आहे तिला सणाला बोलावतात. मला दोन्ही नाही. हळदीकुंकवाला बोलावलं की बाया एकमेकींकडे पाहायच्या आणि मग मला सगळ्यांच्या शेवटी लावायच्या, नाही लावावं तर वाईट, लावावं तर वाईट. माझा बाप उदाराम मुर्रीवरून तीनदा न्यायला आला. तिसऱ्यांदा स्थळ घेऊन आला, पाट लावून देतो म्हणाला. पण नवरा मेला असं कोणी सांगितल्याशिवाय पाट कसा लागेल? मी एकवीस वर्षांची होते. मला एवढंच कळायला हवं होतं की मी कोण आहे.

आणि सासूनं गोंदणं सोडलं. सुयांची जुडी आढ्याला खोचून ठेवली. बाया दारात येऊन बसायच्या, ही म्हणायची, नजर गेली.

त्रेचाळीसच्या धान कापणीला शालीकराम आला. शेजारच्याच गावचा, सुकरामच्याच खेचर कंपनीतला, त्याच्यासोबत भरती झालेला. आम्ही खळ्यावर होतो. तो धुऱ्यावरून येताना पहिल्यांदा दिसली त्याची बाही. पिवळ्या तुकड्यावर काळी मांजर. पाठ वर केलेली, शेपटी ताठ.

खळ्यावरच्या बाया सरळ उठून बाजूला झाल्या. आडवी गेली तर माणूस घरी परततो, आणि हा बाबा अंगावर शिवून आला! एकीनं तर पोराचं तोंड पदराखाली घेतलं. शालीकराम बिचारा धुऱ्यावरच उभा राहिला.

“ये ना बाप्पा,” सासू म्हणाली. “मांजरीले मी नाई भेत. वीज कुठं गेली तुही?”

“वीज बदलली, मावशी. पूर्न डिव्हिजनीची बदलली.”

“काऊन?”

तो खाली बसला. कोणी काय म्हणतं, कोणी काय, त्यानं सांगितलं. कोणी म्हणे जपानी लोक रेडिओवर टिंगल करायचे की यांची वीज खाली पडते तसे हेही पडले. कोणी म्हणे ती निशाणीच पनवती, पहिल्याच लढाईत अर्धी डिव्हिजन गेली. मग मोठ्या साहेबानं वीज उतरवली आणि ही मांजर दिली. अंधारात दिसतं तिला, आवाज न करता चालते, आणि कुठूनही फेका, पायावर पडते. “साहेब लोकाइत म्हनते, मांजरीले नऊ जीव राहते.”

सासूनं त्या मांजरीवर बोट ठेवलं.

“नऊ,” ती म्हणाली. “मंग एक माह्या पोराले द्याचा होता ना रे. आठ काई कमी होते?”

शालीकरामनं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सांगायला लागला. नदी होती मोठी, सीतांग नावाची. त्यावर रेल्वेचा पूल. मागून जपानी येत होते. पहाटे आपल्याच साहेबांनी पूल उडवला, जपान्यांच्या हाती पडू नये म्हणून. आणि डिव्हिजनीची निम्म्याहून जास्त माणसं तेव्हा पलीकडच्या काठावरच होती. शालीकराम अलीकडे आला होता, सुकराम पलीकडे राहिला, खेचरांसोबत. लोकांनी कपडे उतरवले, बूट फेकले, बांबू धरून, डबे धरून पाण्यात पडले. नदी इतकी रुंद की या काठावरून त्या काठाचा माणूस बोटाएवढा. काही निघाले. बरेच नाही निघाले.

“दुसऱ्या रोजी खाली, अलीकडच्या काठाले तीन मुर्दे लागले. उघडे. गळ्यात टिकली नाई. ज्याइनं गाडले थे दुसऱ्या कंपनीचे, आमच्यातला कोनी नोता. पन एका हवालदारानं लिवून ठेवलं, कोनाच्या आंगावर काय खून आहे. एकाच्या डाव्या दंडावर गोदना. वीज.” त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. “टोक वर, खांद्याकडे.”

शालीकरामनं मांडीवरची टोपी खाली ठेवली आणि पुढं सांगत राहिला.

“सुकरामच्या कागदावर बाबूनं लिवलं आहे का डाव्या दंडावर डिव्हिजनीची निशानी. आनं निशानीचं चित्र छापलंच आहे, टोक खाली. त्यानं दंड उघडून पाह्यला थोडाच! आता कचेरीवाले म्हनते, मुर्द्याचं टोक वर, याचं टोक खाली, जुडत नाई. अंदाजानं कोनाले मेला लिवता येत नाई. म्हून तो बेपत्ता.” त्यानं खिशातून घडीचा कागद काढला. “मले कप्तानानं सांगतलं, गावाले जाऊन राहिला तं इचारून ये. मावशी, गोदना तुमी काढला होता. टोक कोन्या बाजूले काढलं? एवढंच सांगा. पाटलासमोर अंगठा द्या.”

सासूच्या हातात विळा होता. तिनं तो खाली ठेवला. तिनं मोहाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही.

“खाली,” ती म्हणाली. “बाहीवर होती तशीच काढली. मी कायले उलटी काढू?”

“मावशी, आठवून सांगा—”

“गोदना माहा, हात माहा, आनं तू मले आठवाले सांगतस? लिव. खाली. तो मुर्दा दुसऱ्या कोनाच्या मायचा आहे.”

यादोराव पाटलांपुढं तिनं अंगठा दिला. शालीकराम जाताना माझ्याजवळ थांबला. हळूच म्हणाला, “वयनी, तुमी होत्या का तवा?” मी मान हलवली. हो की नाही, ते मलाही माहीत नाही. त्याला जे हवं ते त्यानं समजून घेतलं आणि तो गेला. त्याच्या खांद्यावरची मांजर बराच वेळ दिसत राहिली.

घरी आल्यावर मी पहिल्यांदा तिच्यावर ओरडले. तोवर कधी आवाज चढवला नव्हता.

“खोटं बोलल्या तुमी! टोक वर होतं. मी दंड धरला होता!”

“होय. तू धरला होता,” सासू म्हणाली. “मंग तू काऊन नाई बोलली? तोंड नोतं तुले? माह्या हातानं त्याच्या आंगावर काढलं, आता माह्याच तोंडानं त्याले मारू? तुह्या कपाराचं कुकू माह्याच आंगठ्यानं पुसू? जा. पाटील घरीच आहे. जा सांग.”

मी दाराबाहेर गेले. अंगणापर्यंत गेले. आणि परत आले. आपलेच दात, आपलेच ओठ. आणि खरं कारण सांगू? तिनं ‘खाली’ म्हटलं तेव्हा माझ्या छातीतला दगड हलला होता. मला बरं वाटलं होतं. तिच्यावर ओरडत होते तेव्हाही बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ती कापणीला आली नाही. डाव्या दंडाला फडकं बांधलेलं. विळा लागला म्हणाली. मी म्हटलं, विळा बोटाला लागतो, दंडाला कसा लागतो? ती म्हणाली, “लागते. तुले लागनं तवा समजन.” तीन दिवस ताप होता. त्यानंतर तिनं कोपरापर्यंत बाहीची चोळी शिवून घेतली आणि वैशाखातही तीच घातली. आंघोळ माझ्या आधी उरकून घ्यायची. म्हातारपणी लाज आली, असं मी शेजारणीला सांगायचे आणि आम्ही हसायचो. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, पण माझ्या डोळ्यासमोर होतं आणि मला दिसलं नाही.

लढाई संपली. गोंदिया स्टेशनावर पलटणीवाले उतरायला लागले, कोणाच्या बाहीवर वाघ, कोणाच्या गरुड, कोणाच्या कट्यारी. सासू कधी पाहायला गेली नाही. पोरगा जिवंत आहे असं जी माय सांगत होती, ती एकदाही स्टेशनावर गेली नाही. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

सत्तेचाळीसच्या श्रावणात तिला ताप भरला. गावात झेंड्याची गडबड होती, शाळेपुढं बांबू रोवला होता. त्याच आठवड्यात भंडाऱ्याहून पुन्हा तोच प्रश्न आला, शेवटचा. जुन्या पलटणींची दप्तरं बंद होत होती; उत्तर आलं नाही तर नाव बेपत्त्यांतच राहणार, कायमचं. यादोराव पाटील कागद पिशवीत घालून आले, खाटेजवळ बसले.

“सुमित्राबाई, आता राज्य बदललं. निशाण्या बदलणार, मुकुट उतरणार. आता तरी सांग.”

“निशान्या बदलते,” सासू म्हणाली. तोंड सुकलं होतं, शब्द चिकटत होते. “गोदना बदलत नाई. खाली होतं टोक.”

दोन दिवसांनी सकाळी गेली. पाटील अंगणात बसलेले, गावचे लोक तिरडी बांधत होते. मी आणि चार बाया आत तिला न्हाऊ घालत होतो. चोळी निघेना, अंग आखडलं होतं. मी बाही कातरीनं कापली.

डाव्या दंडाच्या बाहेरच्या अंगाला वीज होती.

आपल्याच उजव्या हातानं काढलेली, म्हणून वाकडी. एका ठिकाणी सुई खोल गेलेली, तिथं गाठ आलेली. बारीक टोक खांद्याकडे. रुंद बूड कोपराकडे. त्याच्या दंडावर होती तशीच, फक्त मागं आपला हात पोचत नाही म्हणून बाहेरच्या अंगाला.

“हे काय वो?” एक बाई म्हणाली. “बुढीनं हे कधी केलं?”

कधी केलं ते मला माहीत होतं. शालीकराम गेला त्याच रात्री नाहीतर दुसऱ्या पहाटे. पाटलापुढं ‘खाली’ म्हणून अंगठा दिला, घरी आली, आढ्यातून सुया काढल्या आणि जे खरं होतं ते आपल्या अंगावर लिहून ठेवलं. वर गेल्यावर पोरानं मायला वरखावं म्हणून. तिला त्या खळ्यावरच कळलं होतं की तो मुर्दा कोणाच्या मायचा आहे. चार वर्षं तिनं त्याला माझ्यासाठी जिवंत ठेवलं, आणि स्वतः त्याच्याकडे जायची तयारी करून बसली.

मी तिच्यावर लुगडं घातलं. डावा हात तेवढा उघडा ठेवला. दारात जाऊन म्हटलं, “पाटील, इकडं या.”

ते उंबऱ्याशी आले. बाईच्या मढ्याकडे पाहायचं म्हणून मान खाली.

“मान वर करा. पाहा. टोक कोन्या बाजूले आहे?”

त्यांनी चष्मा लावला. “वर,” ते म्हणाले.

“लिवा मंग. कागद आहे ना पिशवीत? लिवा. माह्या नवऱ्याच्या दंडावरही असंच होतं. टोक वर. दंड मी धरला होता.”

पाटलांनी तिथंच पायरीवर बसून कागद काढला. लिहिता लिहिता थांबले. “नवऱ्याचं नाव सांगावं लागेल, वच्छला. तुझ्या तोंडून.”

सहा वर्षांत, लग्नापासून, मी ते कधी घेतलं नव्हतं. नवरा जिवंत असताना नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात.

“सुकराम,” मी म्हटलं.

मग मी सासूच्या हाताशी बसले आणि तिच्याच पाट्यावर बांगड्या फोडल्या. बाया रडायला लागल्या. बाहेर एकच तिरडी होती, पण त्या दिवशी आमच्या घरातून दोघं गेले.